फटका नको, फडकं द्या

पाच वर्षांच्या मुलाने चेंडू मारून टीव्हीचा पडदा फोडला, आता दोन फटके द्यावेत का, असं कुणीतरी विचारलंय. आधी सांगा, दिवाणखान्यात चेंडू खेळू कोणी दिला?

आमच्या इंदूरच्या घरी लेकाने लोणच्याची बरणी फोडली. चिनीमातीची, सासूबाईंच्या सासूबाईंची! मी हात उगारलाच होता. सासूबाई म्हणाल्या, "थांब गं, आधी त्याला खापऱ्यांतून बाहेर काढ." खापऱ्या मी उचलल्या. तेल मात्र त्याने पुसलं, रद्दी आणि फडकं घेऊन, चांगला अर्धा तास, रडत रडत. शिवाय नव्या बरणीसाठी गल्लकमधले, म्हणजे पैसे साठवायच्या डब्यातले, वीस रुपये दिले. बरणी वीसची नव्हती, पण त्याला ते चांगलेच झोंबले.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शाळेत मारायला बंदी आहे. बाईंना जे मना, ते आईला कसं चालतं?

मुद्दाम फोडलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा राग कशाचा आहे ते बघावं लागतं. पण चुकून फुटल्यावर मारलं, तर पोर पुढच्या वेळी तुकडे दिवाणाखाली सरकवतं. माझा भाचा तेच करतो. परवा झाडताना कपाचे तीन कान सापडले.