‘मतिमंद’ हा शब्द टाकून दिला, तर नेमकं काय बदलतं?

कोरी पाटी

फाईल उघडायला वेळ लागला की ‘कम्प्युटर मतिमंद झालाय’. कुणी तीच गोष्ट पुन्हा विचारली की ‘मंद आहेस का?’ बोलणाऱ्याच्या मनात तेव्हा कुणी खरा माणूस नसतो, हे मान्य. पण ऐकणाऱ्यांत असू शकतो. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी बहुतेकांची अक्षमता सौम्य असते. हे शब्द त्यांना कळतात, ते कशासाठी वापरले जातात तेही कळतं, आणि आपल्या कागदपत्रांवर तोच शब्द आहे हेही अनेकांना ठाऊक असतं.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. निदानाचा शब्द शिवी म्हणून वापरणं पूर्ण बंद करावं. आणि निदान खरंच सांगायचं असेल तेव्हा ‘मतिमंद’ऐवजी ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ म्हणावं. शिवीला पर्याय म्हणून दुसरी शिवी शोधू नये, काय खटकलं ते सांगावं. ‘हा निर्णय मंद आहे’ यातून काहीच कळत नाही. ‘आकडे न बघता निर्णय घेतला’ म्हटलं की किमान वाद तरी घालता येतो.

विरोधी मतं जरूर मांडा.

उलट टपाल

विरोध आहे, आणि तो शिवी देण्याची सोय राहावी म्हणून नाही.

‘इडियट’, ‘इम्बेसाइल’, ‘मोरॉन’ हे तिन्ही एकेकाळी निदानाचे शब्द होते. ‘मोरॉन’ तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी १९१०मध्ये वर्गीकरणासाठी मुद्दाम घडवला. ते शब्द नासले म्हणून ‘मेंटल रिटार्डेशन’ आलं, तेव्हा तेच सभ्य मानलं गेलं. तेही नासलं. अमेरिकेने २०१०मध्ये अनेक केंद्रीय कायद्यांतून ते काढलं. भारतात अपंगांच्या हक्कांच्या १९९५च्या कायद्यात तेच होतं, २०१६च्या कायद्यात त्याजागी बौद्धिक अक्षमता आली. मराठीत वेगळं काय झालं? मती मंद, म्हणजे बुद्धीची चाल संथ. आपण मंद वारा म्हणतो, मंद ज्योत म्हणतो. शब्दात मूळचा एकही काटा नव्हता, तो माणसांनी लावला. आता शाळेतली मुलं ‘तू स्पेशल आहेस’ म्हणून चिडवतात. दर ३०-४० वर्षांनी पाटी पुसायची आणि नवा शब्द लिहायचा, यात खर्च होणारी ताकद शिकवण्यात, रोजगारात घालावी.

दुसरी अडचण रोजची आहे. मदत शोधणाऱ्या कित्येक पालकांना ‘मतिमंद’ हाच शब्द माहीत असतो. माहितीपत्रकात फक्त ‘बौद्धिक अक्षमता’ लिहिलं, तर ते आपल्या मुलासाठी आहे हेच त्यांना कळत नाही.

कोरी पाटी

शब्द नासतात हे खरं, पण सगळे सारख्या वेगाने नासत नाहीत. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६मध्ये ज्या स्थितीचं वर्णन केलं, तिला पुढची शंभर वर्षं ‘मंगोल’ म्हणत. एका अख्ख्या समाजाचं नाव निदानाला चिकटवलेलं. मंगोलियाने आक्षेप घेतला आणि १९६५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द सोडला. त्यानंतर आलेलं ‘डाऊन सिंड्रोम’ ६० वर्षांनीही टिकून आहे.

आणि गेल्या काही दशकांतला बदल नुसता नावाचा नाही. पूर्वी मुख्य भर बुद्ध्यांकावर होता, साधारण ७०च्या खाली की ठप्पा. आता दैनंदिन वागण्यातली कौशल्यंही तपासतात: भाषा, पैसे, वेळ यांची समज, माणसांशी जुळवून घेणं, स्वतःची काळजी, प्रवास, काम. ही लक्षणं वाढीच्या वयातच सुरू झालेली असावी लागतात. २०१३च्या अमेरिकी निदान पुस्तिकेपासून सौम्य, मध्यम, तीव्र हे प्रकारसुद्धा या कौशल्यांवरून ठरतात, बुद्ध्यांकावरून नाही. ‘मतिमंद’ म्हटलं की माणसाची बुद्धी मंद, विषय संपला. ‘अक्षमता’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कशात, किती आणि काय आधार लागेल?

मुद्रितशोधक

तत्त्व पटतं, पण मराठीत लिहायला बसलं की अडतं कुठे ते सांगतो. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी. त्यामुळे ४० वर्षांच्या पुरुषाबद्दल लिहिताना ‘ती व्यक्ती कामावर गेली, तिने डबा खाल्ला’ असं पानभर चालतं. वाचणारा गोंधळतो, आणि लिहिणारा कंटाळून पुन्हा ‘तो मतिमंद’वर येतो.

उपाय सोपा आहे. पूर्ण शब्दप्रयोग एकदाच वापरा. नंतर नाव, आणि नावामागे ‘ते’ किंवा ‘त्या’. बातमीत नाव द्यायचं नसेल तर त्यांची दुसरी ओळख घ्या: कामगार, प्रवासी, बहीण, खेळाडू. त्याआधी एक चाचणी करावी. अक्षमतेचा उल्लेख खोडून वाक्य वाचा. बातमी तीच राहत असेल तर तो खोडलेलाच राहू द्या. बस चुकली, बक्षीस मिळालं, भांडण झालं, यांत निदानाचा काय संबंध?

‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ही काढा. पूरग्रस्त असतो, कारण पूर येऊन आदळतो. डाऊन सिंड्रोम आदळत नाही, तो जन्मापासून असतो. ‘डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी’ पुरे. आणि ३० वर्षांच्या बाईला ‘मतिमंद मुलगी’ लिहिणं थांबवा. त्यातला ‘मतिमंद’ जितका चुकीचा, तितकाच ‘मुलगी’ही.

साधी वही

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. इथे सगळे नामांवर भांडतायत. मराठीत अपमान जास्त करून क्रियापदातून होतो.

एक नेहमीचं दृश्य घ्या. ३२ वर्षांची बाई आईबरोबर दवाखान्यात येते. डॉक्टर आईकडे बघून विचारतात, ‘ही गोळ्या वेळेवर घेते का? हिला झोप लागते का?’ आईला ‘तुम्ही’, आणि जिची तपासणी चालू आहे तिला ‘ही’. कुणी वाईट शब्द वापरला? एकही नाही. त्याच वयाच्या दुसऱ्या अनोळखी बाईला हेच डॉक्टर ‘अहो, बसा’ म्हणतात.

बदल करायचा तो असा. खुर्ची तिच्या बाजूला वळवा. नाव घेऊन, ‘तुम्ही’ म्हणून, नेहमीच्या आवाजात विचारा. आवाज चढवू नका, ती बहिरी नाही. लाडिक सूरही नको. एका वाक्यात एकच गोष्ट. मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक लोक दोन-तीन सेकंदांत प्रश्न बदलून पुन्हा विचारतात. मग पहिला प्रश्न समजून घेत असलेल्या माणसावर दुसरा येऊन पडतो, उत्तर येत नाही, आणि ‘हिला काही कळत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

‘हो’ आणि ‘नाही’मध्ये उत्तर येईल असे प्रश्न जपून वापरा. ‘औषध घेतलंत ना?’ याला ‘हो’च येणार, कारण समोरच्याला खूश ठेवण्याची सवय वर्षानुवर्षं लावलेली असते. ‘सकाळी कुठली गोळी घेतलीत, पांढरी की गुलाबी?’ हे बरं. पण पर्यायांतला शेवटचाच उचलला जाण्याचा धोका असतो, म्हणून थोड्या वेळाने क्रम उलटून पुन्हा विचारावं. शक्य असेल तर गोळ्या समोर ठेवाव्यात.

तिसरी घंटा

एक वेगळा मुद्दा. ‘अक्षमता’ हा शब्दच मला खुपतो. त्यात ‘अ’ आहे, नकार आहे. ‘दिव्यांग’ किंवा ‘विशेष मूल’ का नको? पालकांना पहिल्या धक्क्यातून सावरायला असा शब्द लागतो. ‘देवाघरचं लेकरू’ म्हटल्याने कुणाचं नुकसान होतं?

साधी वही

धक्का बसलेल्या आईने घरात काय म्हणावं यावर कुणी बोट ठेवू नये. पण ते लेकरू ३० वर्षांचं झाल्यावरही ‘लेकरू’च राहिलं तर नुकसान होतं. ‘वय ३२, पण मन ५ वर्षांचं’ हे वाक्य त्याच घरातलं. मानसिक वय हा एका चाचणीतल्या गुणांचा हिशोब आहे: सरासरी ५ वर्षांच्या मुलाइतके गुण पडले, एवढंच. ५ वर्षांच्या मुलाला पाळी येत नसते, त्याने २७ वर्षं जास्त माणसं पाहिलेली नसतात, त्याला पगाराचं पाकीट मिळत नसतं. हे वाक्य एकदा खरं मानलं की पुढे सगळं ओघाने येतं. वाढदिवसाला बाहुली येते. खोलीत न विचारता शिरलं जातं. शस्त्रक्रियेची माहिती फक्त भावाला दिली जाते. मासिक पाळी, स्पर्श, नकार याबद्दल कुणी शिकवत नाही, आणि अत्याचार झाला तर सांगायला तिच्याकडे शब्द नसतात.

‘दिव्यांग’बद्दल: सरकारी कागदांत तो रुळला आहे, अर्जात वापरावाच लागतो. पण ‘दिव्य’ म्हटल्याने रॅम्प बांधला जात नाही, आणि दिव्य माणसाला तक्रार करण्याची सोयही उरत नाही. अनेक अपंग संघटनांनी तो आला तेव्हाच विरोध केला होता.

उलट टपाल

एकेरी-अहोचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. उलट तो माझ्याच बाजूचा आहे. नाम न बदलता क्रियापद बदललं तरी माणसाला मान मिळतो.

पण ही यादी कुठे थांबणार? ‘वेडा’, ‘खुळा’ काढायचे? ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ विसरायचं? ‘ध्येयवेडा’ हे तर कौतुक आहे.

कोरी पाटी

‘वेड’ला मराठीत ओढीचा, ध्यासाचा अर्थ भक्कम आहे. ‘गाण्याचं वेड’ म्हणताना कुणी रुग्ण डोळ्यांसमोर येत नाही. तो ठेवा. समोरच्या माणसाकडे बोट दाखवून ‘वेडा आहे तो’ म्हणणं वेगळं.

खरा घोटाळा दुसरीकडे होतो. बौद्धिक अक्षमता असलेल्याला ‘वेडा’ किंवा ‘मेंटल’ म्हटलं जातं आणि दोन वेगळ्या गोष्टी एक होतात. मनोविकार कुठल्याही वयात येऊ शकतो आणि उपचारांनी बरा होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता हा आजार नाही, तिला औषध नाही. शिक्षण आणि आधार लागतो. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकाराच्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळली आहे, मात्र वगळताना जुनाच ‘रिटार्डेशन’ शब्द वापरला आहे. दोन्ही असलेली माणसंही असतात. चिडचिड, झोप उडणं, खाणं सोडणं हे सगळं ‘तो तसाच आहे’ म्हणून सोडून दिलं की त्यांचं नैराश्य ओळखलंच जात नाही. दातदुखीसुद्धा अशीच सुटते.

मुद्रितशोधक

आणि कुठला शब्द हवा हे त्यांनाच विचारावं ना? १९७४मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात याच लोकांनी एकत्र येऊन आपल्या गटाचं नाव ठेवलं ‘पीपल फर्स्ट’, आधी माणूस. हा शब्दक्रम फक्त तज्ज्ञांच्या टेबलावर ठरलेला नाही. उलट स्वमग्न लोकांपैकी अनेकांना ‘ऑटिस्टिक’ हीच ओळख पसंत आहे. म्हणजे सगळ्यांना एक नियम लावायचा नाही.

उलट टपाल

ठीक. माझा विरोध मग दोन जागी उरतो. एक, माहितीपत्रक: ‘बौद्धिक अक्षमता (जुन्या कागदपत्रांत ‘मतिमंदत्व’)’ असं पहिल्याच ओळीत लिहा, पुढे सगळीकडे नवा शब्द. हे चालेल? दोन, जुनी प्रमाणपत्रं. तिथला शब्द अर्जात आपल्या मनाने बदलला आणि कागद जुळले नाहीत, तर अर्ज अडकतो. तिथे जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत उतरवावा.

कोरी पाटी

दोन्ही चालेल. पण शाळेच्या दारावरच्या पाटीवर नाही. ‘मतिमंद मुलांची शाळा’ या अक्षरांखालून मूल रोज सकाळी आत जातं, आणि त्याला ती वाचायला आपणच शिकवतो.

उलट टपाल

पाटीचं मान्य. पण मग तिथे ‘विशेष’ही लिहू नका. नुसतं नाव आणि ‘विद्यालय’.