डार्क रोमान्स नॉव्हेला वाचली आणि पार हिरमोड झाला, लहान पुस्तकात हे जमतच नाही का?

टिळकवाडी_वाचते
नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहितेय, डोक्यातनं जाईना म्हणून. स्पॉयलर आहेत.

धारवाडच्या मैत्रिणीनं एक रील पाठवलं होतं, इंग्लिश डार्क रोमान्स (भीती, गुन्हा मिसळलेली प्रेमकथा) नॉव्हेला, म्हणजे कादंबरीहून लहान, सव्वाशे पानांच्या आतबाहेर, आणि खाली कमेंटमध्ये जो तो म्हणतोय एका रात्रीत संपवली, झोप लागली नाही. मला हा प्रकार नवीन नाही, माफियावाले, अपहरणवाले, सगळे वाचून झालेत, त्यामुळं नायक वाईट आहे म्हणून मी रडत नाहीये हे आधीच सांगते.

गोष्ट अशी की नायिका जुनी फाटकी पुस्तकं दुरुस्त करते, बायंडिंग वगैरे. डोंगरातल्या एका वाड्यावर तिला बोलावणं येतं, मालकाच्या आजोबांचा पुस्तकांचा संग्रह नीट करायचाय. बर्फ पडतो, रस्ता बंद होतो. एक दिवस कात्री शोधताना ती टेबलाचा ड्रॉवर उघडते आणि आत तिचाच स्कार्फ, जो गेल्या हिवाळ्यात तिच्या स्वतःच्या घरातनं हरवला होता. म्हणजे हा माणूस तिच्या घरात शिरून गेलाय, वर्षभर मागावर आहे, काम हे नुसतं निमित्त. आणि ती काय करते? ड्रॉवर बंद करते, खाली जाते, त्याच्या समोर बसून जेवते, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. तो मीठ पुढं करतो, ती थँक्यू म्हणते. खरं सांगते, माझे हात गार पडले होते वाचताना. इतका चांगला सीन मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता.

आणि मग दोन पानांत सगळं मातीत. तिला कळलंय हे त्याला कळतं, तो लहानपणची गोष्ट सांगतो, बाप मारायचा, आई सोडून गेली, हिच्या डोळ्यांत पाणी, मिठी, पुढचं चॅप्टर एकदम सहा महिन्यांनी, बोटात अंगठी. ती का राहिली? बर्फ वितळल्यावर रस्ता उघडला तेव्हा तिनं बॅग भरली का, घरी कुणाला फोन केला का, स्कार्फचं काय झालं, एक ओळ नाही! जी बाई एवढं पोटात ठेवून शांतपणे जेवली तिचं डोकं पुढच्या पानावर गेलं कुठं?

तर विचारायचं हे, नॉव्हेलात जागाच नसते म्हणून असं होतं, का लेखिकेनं हात आखडला? जे वाचतात त्यांनी सांगा.

निपाणीची_वाचनवेडी
अगं ताई मी लै वाचते हे, म्हणून सांगते. आधी एक बघ, ती कुठल्या सिरीजमधली आहे का. नावापुढं 0.5 किंवा 1.5 असला नंबर असतोय बघ, ते पहिल्या पुस्तकाच्या आधीचं नाहीतर दोन पुस्तकांच्या मधलं असतंय, बऱ्याचदा न्यूजलेटर घेणाऱ्या वाचकांना बोनस म्हणून फुकट देतात. ते ज्यांचा जीव त्या जोडीवर आधीच जडलाय त्यांच्यासाठी लिहिलेलं, त्यात ती का राहिली हे परत सांगत बसत नाहीत, मोठ्या पुस्तकात झालेलं असतंय. नवीन माणसानं ते आधी उचललं की तुझ्यासारखंच होतंय.

दुसरं, या जॉनरचा एक ठराव असतोय. सुरुवातीलाच कंटेंट वॉर्निंगची यादी असती, काय काय येणार ते सांगून टाकतात, आणि शेवटी दोघं एकत्र येणार हे बहुतेक ठरलेलं. ती खात्री असती म्हणूनच मधली भीती आपण मजेत वाचतो. त्यामुळं शेवटाला अंगठी आली याचा राग धरू नको. खरं दोन पानांत आली तर राग यायलाच पाहिजे, तिथं मी तुझ्या बाजूनं. नायकाचं दुःखी बालपण हा लै घासून घासून गुळगुळीत झालेला प्रकार आहे, मला तर आता बाप मारायचा असं आलं की पुढची चार पानं न वाचता सांगता येतात.

खानापूर_रोड
मी असली पुस्तकं वाचत नाही, खरं तुमचं सगळं वाचलो. मला एवढंच कळत नाही की हे रोमान्स कसं? वर्षभर पोरीच्या मागं फिरणं, घरात शिरणं, वस्तू उचलणं. 2013 मध्ये दंड संहितेत 354 ड कलम घातले ते याच्यासाठीच, आता 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत तेच 78 कलम आहे, पहिल्यांदा सापडला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, परत केला तर पाच वर्षांपर्यंत. माझी पोरगी रोज एसटी नाहीतर आपल्या इथली बस पकडून बेळगावला कॉलेजला येते. स्टँडवर उभं राहून मागं मागं येणारी पोरं आम्ही बघतोय की, त्यांना कुणी लहानपण विचारत नाही. अशी गोष्ट वाचून एखाद्या पोरीला वाटलं की मागं लागणं म्हणजेच प्रेम, तर? मला काळजी वाटते म्हणून लिहिलो, राग नको.

टिळकवाडी_वाचते
काका राग कशाचा, उलट तुम्ही लिहिलं ते बरं झालं. स्टँडवरची भीती मला पण माहीत आहे, प्रत्येक मुलीला माहीत आहे, म्हणूनच तो ड्रॉवरचा सीन अंगावर आला. माझं म्हणणं इतकंच आहे की असा माणूस गोष्टीत येऊ दे, वाईट माणसाची ओढ वाटणं हे पण खरं असतं आणि त्यावर लिहिलंच पाहिजे, पण त्यानं जे केलं त्याचं वजन गोष्टीनं उचललं पाहिजे. इथं लेखिकेनंच ते गुन्ह्यासारखं मांडलं, वाचणाऱ्याला घाबरवलं, आणि नंतर तिलाच घाई झाली विसरायची. मुलीला चुकीचं वाटेल ते या विसरण्यामुळं वाटेल, अंधारामुळं नाही.

आणि निपाणीच्या ताई, बघितलं मी. सिरीज नाही, नंबर नाही, सुटंच पुस्तक आहे. वॉर्निंगची यादी होती, पाठलाग, कोंडून ठेवणं वगैरे, ती वाचूनच घेतलं होतं.

शहापूर_दीर्घकथा
लांबीवर बोलतो, कारण मी स्वतः दीर्घकथा लिहायची धडपड करतो. अमेरिकेतल्या नेब्युला या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या पुरस्काराच्या नियमात नॉव्हेला म्हणजे 17,500 पासून 40,000 शब्दांच्या आत. सव्वाशे पानं म्हणजे तीसेक हजार शब्द तरी असणार. तेवढ्यात एका बाईचं मन बदलायला भरपूर जागा आहे. आपल्याकडं दिवाळी अंकांची परंपरा 1909 पासूनची आणि त्यात त्याहून कितीतरी कमी पानांत आख्खे संसार मोडलेले आपण वाचलेत.

याच गोष्टीचं जुनं रूप बघा. ब्युटी अँड द बीस्ट. 1740 साली फ्रेंचमध्ये व्हिलनव्ह बाईंनी लिहिलं ते कादंबरीएवढं लांब होतं. 1756 मध्ये बोमाँ बाईंनी कापून अगदी थोडक्यात केलं, आणि जगभर पोचलं ते हे छोटं. त्यात काय ठेवलं ते महत्त्वाचं. रोज रात्री जेवताना तो बीस्ट, म्हणजे वाड्याचा राक्षसी मालक, तिथं राहायला आलेल्या मुलीला विचारतो, माझ्याशी लग्न करशील? ती रोज नाही म्हणते, आणि ते नाही तो ऐकून घेतो. मग ती म्हणते बापाला भेटायचंय, तो आठवड्यासाठी जाऊ देतो. दार उघडं असताना ती परत येते, म्हणून तिचं हो आपल्याला पटतं. अडकलेली मुलगी, वाडा, जेवणाचं टेबल, सगळं तुमच्या नॉव्हेलासारखंच, पण तिथं नाही म्हणायला जागा ठेवलीय. तुमच्या लेखिकेनं बर्फ वितळवला आणि तोच सीन लिहिला नाही. रस्ता उघडल्यावरची ती सकाळ, बॅग आणि दार, दहा पानं पुरली असती. बालपणाची दोन पानं काढून टाकली असती तरी चाललं असतं.

निपाणीची_वाचनवेडी
हे लै बरोबर बोललात. जी चांगली डार्क रोमान्स असती त्यात कुठंतरी नायक हात सोडतोय, चावी देतोय, नाहीतर ती खरंच पळून जाती आणि मग स्वतःहून फिरती. तो सीन नसला की नुसता डार्क राहतोय, रोमान्स होतच नाही.

ताई पुढच्या वेळी असं कर, पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचू नको, तीन स्टारवाले वाच. पुस्तक आवडलेलं असून कुठं खटकलं ते तिथंच लिहिलेलं असतंय. "शेवट घाईत उरकला" असं तिघाचौघांनी लिहिलं असंल तर सोडून दे. आणि रीलवर जाऊ नको, टिकटॉक 2020 ला बंद झाल्यापासून ती सगळी गर्दी इन्स्टावर आलीय, तिथं पुस्तकाचा एकच सीन विकतात, तुझा ड्रॉवरवालाच असणार बघ.

टिळकवाडी_वाचते
हो, रीलमध्ये ड्रॉवरचाच सीन होता!

शहापूरकर, तुम्ही सांगितलेली सकाळ आता मला त्या पुस्तकापेक्षा जास्त छळणार. मला वाटतं ती गेली असती. निदान खाली गावापर्यंत तरी. आता त्या लेखिकेचं मोठं पुस्तक आहे एक, तीनशे पानांच्या वर, सॅम्पल उतरवून घेतलंय कारण ड्रॉवरचा सीन लिहिणाऱ्या बाईला लिहिता येतं यात शंका नाही, तीन स्टारवाले रिव्ह्यू बघून मग ठरवते. आणि मराठीत असं काही, म्हणजे प्रेम पण आणि भीती पण, दिवाळी अंकातली दीर्घकथा असली तरी चालेल, कुणाच्या लक्षात असेल तर अंकाचं नाव आणि साल टाका, शनिवारी सार्वजनिक वाचनालयात जाणार आहे, जुने अंक विचारून बघते.