मदत हवी आहे: गेटिसबर्गला जनरल वॉरनच्या पुतळ्यापर्यंत वडिलांना कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. बाबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे अमेरिकेत येताहेत. बॉम्बे सॅपर्समधून (भारतीय लष्कराची इंजिनिअर पलटण) निवृत्त झालेत, त्यामुळे गेटिसबर्गला, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धाच्या रणभूमीवर, त्यांना सगळ्यात आधी लिटल राऊंड टॉप टेकडीवरचा गव्हर्नर वॉरनचा ब्राँझचा पुतळा बघायचाय. गव्हर्नर हे नावच बरं का, हुद्दा नव्हे! वॉरन हा तिथल्या युनियन सैन्याचा (उत्तरेकडच्या, केंद्र सरकारच्या बाजूच्या फौजेचा) मुख्य इंजिनिअर. २ जुलै १८६३ ला ही टेकडी जवळपास मोकळीच आहे हे त्याने हेरलं, तातडीने फौज मागवली आणि सैन्याची डावी बाजू वाचली. पुतळाही तसाच: घोडा नाही, उगारलेली तलवार नाही, खडकावर उभा, हातात दुर्बीण. पुढे १८६५ मध्ये त्याला रणांगणावरच पदावरून काढलं. चौकशीत तो बराचसा निर्दोष ठरला, पण निकाल जाहीर होण्याआधीच तो गेला. बाबांना हे फार लागतं.

अडचण गुडघ्यांची आहे. पार्किंगपासून पुतळ्यापर्यंत चढ किती? वाट पक्की आहे का, मध्ये टेकायला बाक आहेत? परवानाधारक गाईड आपल्याच गाडीत बसून फिरवतात म्हणे; ज्येष्ठांना घेऊन कुणी तसं गेलंय का? चेहऱ्यावर ऊन कधी येतं तेही सांगा, बाबांचा पुतळ्याजवळ नीट फोटो काढायचाय.