आजोबांच्या डब्यात १९७२ चं १० रुपयांचं नाणं सापडलं, काय करू?

फोंड्याचा_नातू:
चवथीच्या साफसफाईत माळ्यावर आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, आत पोर्तुगीज वेळचे ४-५ एस्कुदो (तेव्हाची गोव्याची नाणी) आणि एक भलंमोठं १० रुपयांचं नाणं, १९७२ चं, पार्लमेंट आणि झेंडा धरलेले दोघंजण. स्वातंत्र्याची २५ वर्षं झाली तेव्हाचं आहे. यूट्यूबवर एकजण याला ५ लाख मिळतात म्हणतो, व्हॉट्सॅप केलं तर आधी २,१०० रजिस्ट्रेशन भरा म्हणे. भरू? आणि काळं पडलंय, चिंचेनं घासलं तर चालेल ना?

म्हापशेकर:
एक पैसा भरू नको!! रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये सांगितलंय की आमचं नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी फी, टॅक्स मागणारे फ्रॉड आहेत.
आणि चिंच?? देवाची समई आहे का ती बाबा. तो काळपटपणा चांदीचा आहे, घासलेलं नाणं कलेक्टर, म्हणजे नाणी जमवणारा, हातात घेतो, बघतो आणि परत ठेवतो. त्यात ५०% चांदी, वजन साडेबावीस ग्रॅम, म्हणजे शुद्ध चांदी सव्वाअकरा ग्रॅम. सोनाराकडे फक्त वजन कर, आणि चुंबक लावून बघ, चिकटलं तर खोटं.

पेडणेकर७:
आमच्या पप्पांकडे त्याच वर्षाचं ५० पैशांचं होतं, चित्र तेच पण चांदी नाही, कॉपर-निकेल. मी चौथीत असताना त्याचे चणे खाल्ले, अजून ऐकून घेतो. १९९७ चं दांडीयात्रेचं ५० पैशांचं मात्र स्टीलचं, ते घरोघरी असतं, त्याला कोणी विचारत नाही. आणि २०२२ ची अमृत महोत्सवाची १, २, ५, १०, २० ची तर चालू नाणीच आहेत, तरी आमचा बस कंडक्टर २० चं घ्यायला का कू करतो, त्याला कोण समजावणार.

फोंड्याचा_नातू:
वजन केलं, २२.४ भरलं! चुंबक नाही चिकटला. सोनार म्हणतो चांदीच्या भावानं दे, वितळवून टाकतो.

म्हापशेकर:
देऊ नको, सरकारी नाणं वितळवणं कॉइनेज ॲक्ट २०११ प्रमाणे गुन्हा आहे, आणि चांदीपेक्षा थोडं जास्त कलेक्टरच देईल. लाखबिख विसर. एस्कुदो कधीचे आहेत? १९५८-५९ चे असतील, तेव्हा ६ एस्कुदोचा एक रुपया धरायचे.

फोंड्याचा_नातू:
हो, तीन १९५८ चे! आई म्हणते विकायचं नाही, लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचं. चालेल, पण ती आत्ताच पितांबरी शोधतेय, मी डबा लपवतो.