मदत हवी आहे: लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पीडीएफ उघडली की वेलांट्या पळतात

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीची २२ पानी मराठी नियमावली फक्त पीडीएफमध्ये उरली आहे. मूळ फाईल जुन्या सेक्रेटरींच्या बंद पडलेल्या लॅपटॉपसोबत गेली. आता चार नियम बदलायचेत, आणि हे काम अर्थातच माझ्या गळ्यात.

उबुंटूवर (लिनक्स) एव्हिन्स आणि ऑक्युलर या दोन्ही पीडीएफ व्ह्यूअरमध्ये पानं सुरेख दिसतात. पण 'पार्किंग' शोधलं की काहीच सापडत नाही. कॉपी करून लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये टाकलं तर 'किती'चं 'िकती' होतं. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडलं तर प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत, जोडाक्षरं फुटलेली.

टर्मिनलमध्ये पीडीएफफॉन्ट्स (पीडीएफमधल्या फॉन्टची माहिती देणारी कमांड) चालवून पाहिलं. फॉन्ट एम्बेड (फाईलमध्येच घातलेला) आहे, पण 'युनि'च्या रकान्यात 'नो' येतंय. म्हणजे फाईलमध्ये अक्षरांचे आकार आहेत, पण कोणता आकार म्हणजे कोणतं युनिकोड अक्षर हा तक्ताच नाही, असं मी समजतोय. बरोबर ना? तसं असेल तर व्ह्यूअर बदलून उपयोग नाही. ऑक्युलर आणि एव्हिन्स दोघंही पीडीएफ वाचायला पॉपलर ही एकच लायब्ररी वापरतात.

टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करून कोणी एवढी पानं काढली आहेत का? स्कॅन किती डीपीआयवर (दर इंचाला किती ठिपके) ठेवलं? रफार आणि अनुस्वार नीट येतात का? की सरळ टायपिंगला बसू?

पुढच्या वेळी एक्सपोर्ट करताना हायब्रिड पीडीएफचा पर्याय निवडणार आहे, म्हणजे ओडीटी (रायटरची मूळ फाईल) पीडीएफच्या आतच राहील. ती फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आल्यावरही रायटरमध्ये नीट उघडते का, तेही सांगा. सभा रविवारी आहे!