सल्ला हवा: हार्वर्ड ट्रेनर, पिवळा रंग, फक्त ब्रश, आणि वर मुंबईचा पावसाळा

गिरगाव_गॅलरी: मंडळी, हार्वर्ड विमानाचं प्लास्टिक मॉडेल किट घेतलंय, १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं. आपल्या हवाई दलातले कितीतरी पायलट ह्याच पिवळ्या विमानावर शिकले म्हणून भारतीय खुणांतच करायचाय. एअरब्रश नाही आणि घ्यायचाही नाही, दोन खोल्यांत कॉम्प्रेसर लावला तर शेजारचे वर येतील. थिनरचा वासही घरात चालत नाही. तर पिवळा कुठला घेऊ, ब्रशचे पट्टे दिसू नयेत म्हणून काय करू, आणि आत्ता जुलैत सुरू करू की गणपतीनंतर? प्लास्टिक करडं आहे.

वॉटरपेपर: करड्यावर थेट पिवळा लावलात तर हिरवट मरगळलेला दिसणार, कितीही हात मारा, पिवळ्याखालचं सगळं वर दिसतं. आधी पांढरा, किंवा पांढऱ्यात थेंबभर लाल टाकून फिका गुलाबी. मी गुलाबीवाला, कारण ट्रेनरचा पिवळा लिंबासारखा नसतोच, त्यात केशरी झाक असते. रंग म्हणाल तर हंब्रोल २४, नावच ट्रेनर यलो. इनॅमल आहे, म्हणजे थिनरने पातळ करायचा रंग, सावकाश सुकतं, तेवढ्या वेळात ब्रशच्या रेघा आपोआप बसतात. टामियाचं अ‍ॅक्रिलिक ब्रशने नको, दुसरा हात मारताना पहिला उठून येतो.

भायखळा_स्लो: अहो पण त्यांनी थिनर चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय ना, आणि तुम्ही इनॅमल सांगताय 😄 वालेहो मॉडेल कलर घ्या, पाण्यात पातळ होतो. रुंद मऊ सिंथेटिक ब्रश, एक हात आडवा, सुकला की दुसरा उभा, असे चार-पाच पातळ हात. पहिल्या दोन हातांत इतकं भयाण दिसतं की जाड थर द्यावासा वाटतो, देऊ नका. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळाचा हात, पण वालेहोचाच, ब्रशने लागतो, फक्त नंतर त्याला वॉटर पेपर लावू नका, पापुद्रे निघतात.

वॉटरपेपर: बरं, वासाचा मुद्दा मान्य. फिनिश इनॅमलचंच भारी हे मात्र सोडणार नाही.
पावसाचं म्हणाल तर भीती स्प्रे कॅनची. सॉल्व्हंट उडताना प्लास्टिक गार पडतं, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि रंग पांढुरका होतो. पाण्याच्या रंगाला तो त्रास नाही, सुकायला वेळ लागतो एवढंच. गणपतीपर्यंत कशाला थांबता, जोडकाम, फटीत लांबी भरणं, घासणं आत्ताच उरकून घ्या. कानशी, वॉटर पेपर नागदेवी स्ट्रीटला मिळून जातील.

डोंबिवलीची_ताई: सगळे रंगावरच बोलताय, हार्वर्डची खरी परीक्षा ती कॉकपिटवरची लांबलचक काच! किती त्या फ्रेमा. टेपच्या बारीक पट्ट्या कापून चौकट-चौकट झाका, आधी कॉकपिटच्या आतला रंग मारा आणि त्यावर पिवळा, म्हणजे आतून बघितलं की फ्रेम बरोबर रंगाची दिसते. आणि काच सुपरग्लूने चिकटवायची नाही हं, वाफेने धुरकट होते. साधा पांढरा फेविकॉल लावा, सांडला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो.

गिरगाव_गॅलरी: ताई, काचेचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. वालेहोच घेतोय. आता गोल खुणांचं काय करू? किटमध्ये भारतीय डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) नाहीत.

भायखळा_स्लो: १९५० नंतरची खूण सोपी आहे, बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा. कंपास कटरने टेपवर गोल कापा, पूर्ण पांढरी चकती रंगवा, मग बाहेरचं कडं आणि मधला गोल. माप किटमधल्या डेकलवरून घ्या. आकडे-अक्षरं मात्र डेकलचीच लावा, त्याआधी ग्लॉस वार्निशचा एक हात हवाच, मॅटवर डेकलखाली हवा राहते आणि चंदेरी डाग दिसतात.

डोंबिवलीची_ताई: पुढे व्हॅम्पायर ह्या जेट विमानाचा ट्रेनर केलात तर त्याचं चाक नाकाखाली, म्हणून नाकात वजन लागतं, नाहीतर शेपटीवर बसतो. कोळीवाड्यात जाळ्याला लावतात ते शिसं मागून आणा. हार्वर्डला शेपटीखालीच चाक आहे, त्याला नको.