मदत हवी आहे: स्विच एकदा दाबला की दहा वेळा एंटर जातो

शंकासुर
लोकहो, डोकं पिकलंय. छोट्या बोर्डातून एक स्विच कॉम्प्युटरला कीबोर्डसारखा जोडलाय. स्विच दाबला की एकच एंटर जायला पाहिजे तर दहा-बारा जातात, कधी तर न दाबताच जातात. स्लाइडवर चित्रांची गोष्ट केलीय ४० पानांची, एका दाबात ससा निघतो आणि थेट समाप्त. कोड तीनदा तपासला, बरोबरच आहे. कोडमधला डिले (दर एंटरनंतरचा थांबा) १०० पासून १००० मिलिसेकंदांपर्यंत टाकून बघितला, तरी पळतंच, फक्त सावकाश पळतं. उद्या पाहिजे. 'गूगल कर' सांगणाऱ्यांनी पुढचा धागा गाठावा.

सोल्डरवाला
कुठला बोर्ड? कुठला स्विच? वायरी कुठून कुठे? कोड? का पत्रिका बघून सांगायचं?

अर्धवट_इंजिनियर
आर्डुइनो उनो (कोड चढवून चालवायचा छोटा बोर्ड) असेल तर विषय संपला, त्याला सरळ कीबोर्ड होता येत नाही. एटीमेगा३२यू४सारखी चिप लागते, म्हणजे लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो असा बोर्ड. मी उनोवर दोन रविवार घालवलेत, कंपायलर म्हणायचा कीबोर्ड सापडत नाही आणि मी आपला तीच लायब्ररी काढतोय टाकतोय.

शंकासुर
प्रो मायक्रोच आहे. नाहीतर एंटर गेलाच कसा असता?

ओटी_मावशी
स्विच कोणासाठी आहे? आणि शरीराच्या कुठल्या भागाने दाबणार?

शंकासुर
मावशी, प्रश्न कोडचा आहे हो.

मदतीचा_हात
अपंग व्यक्तींसाठी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर एकदम फुकट मिळतो, मायकेल करन यांनी २००६ साली सुरू केला, ते स्वतः अंध आहेत. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. जरूर वापरा.

शंकासुर
भाच्याला दिसतं. व्यवस्थित दिसतं. मी लपवलेला रिमोटसुद्धा दिसतो.

सोल्डरवाला
हां, म्हणजे भाचा आहे. आता उरलेलं पण सांगून टाका.

शंकासुर
बरं. भाचा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसतो), उजव्या हाताची मूठ खाली आपटतो. स्विच घरीच केलाय, स्पंजला मधे भोक पाडून खाली-वर अॅल्युमिनियम फॉइल, दाबलं की भोकातून फॉइल फॉइलला लागते. तिथून दोन मीटर वायर. मोबाइलवरून लिहितोय म्हणून कोड तोंडी सांगतो: पिन ३ इनपुट, हाय (म्हणजे व्होल्टेज आहे) वाचलं की एंटर पाठव, मग डिले. स्विचची एक वायर ५ व्होल्टला, दुसरी पिन ३ ला. एवढंच तर आहे. आणि हो, हात नुसता वायरजवळ नेला तरी एंटर सुटतात, हे काय भूत आहे?

सोल्डरवाला
हे पहिल्याच पोस्टमधे लिहायला काय झालं होतं राव! स्विच उघडा असताना तुमची पिन कशालाच जोडलेली नाही, अधांतरी आहे. वर दोन मीटर वायर म्हणजे अँटेनाच. ५ व्होल्टची वायर काढून ग्राउंडला लावा, पिन इनपुट पुलअप करा (म्हणजे स्विच उघडा असताना बोर्डच तिला हायकडे ओढून धरतो), आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर चालू होतो, वेगळा लावायला नको. आता उघडा असताना हाय आणि दाबल्यावर लो, म्हणजे कोडमधली अट उलटी करायची. ती विसरलात तर कोणी हात न लावता एंटरची धार लागेल.

कोड_नको_रे
एवढं कशाला? विंडोजमधे फिल्टर कीज चालू करा, पटापट आलेल्या सारख्या की तो गाळतो. कोडला हातच नको.

अर्धवट_इंजिनियर
आणि त्याच मशीनवर बाकी कोणी टाइप करायला बसलं की 'अम्मा'मधला एक म गायब. गळती नळाला आणि बादली हॉलमधे. मुळातच दुरुस्त करा.

कोड_नको_रे
बादलीनेच घर वाचतं साहेब. सगळ्यांना सोल्डरिंग येत नाही.

नजरबंदी
स्विचचा जमाना गेला. आय ट्रॅकिंग घ्या, नुसत्या नजरेने माउस.

ओटी_मावशी
ज्या मुलाचं डोकं सतत हलतं त्याला आधी कॅलिब्रेशनला (यंत्राला त्याची नजर ओळखायला शिकवायला) तरी बसवून बघा. शंकासुर, मघाशी विचारलं ते पुन्हा विचारते. मूठ आपटल्यावर हात लगेच उचलता येतो का त्याला?

शंकासुर
नाही. हात घट्ट होतो, दोन-तीन सेकंद तसाच दाबून राहतो. कधी सोडताना थरथरतो पण.

ओटी_मावशी
मग तेवढा वेळ तुमचा कोड एंटर पाठवतच राहणार ना? १०००चा डिले म्हणजे सेकंदाला एक पान. तीन सेकंद धरलं की तीन पानं. त्याने एकदाच दाबलंय, मोजणी तुमची चुकतेय.

सोल्डरवाला
मावशींना +१. 'दाबलेला आहे का' विचारू नका, 'मघाशी सुटा होता आणि आता दाबला गेला का' विचारा, मागची स्थिती एका व्हेरिएबलमधे ठेवा. आणि फॉइल चुरगळते, खरखर करत लागते, एका दाबाचे अनेक दाब दिसतात, त्यामुळे चांगल्या मायक्रोस्विचसाठी ५-१० मिलिसेकंद थांबायचं गणित इथे चालायचं नाही. हात सुटल्यावर निदान ५०० मिलिसेकंद सलग सुटा राहिला तरच पुढचा दाब मोजा, थरथर त्यातच जिरेल. जमलं तर ३.५ मिमीचा मोनो जॅक बसवा, बाजारातले बहुतेक स्विच त्यातच लागतात, फॉइल फाटली तर दुसरा लावता येईल.

शब्दप्रेमी
वर कोणी 'अपंग' लिहिलंय. दिव्यांग म्हणावं ही विनंती.

ठोकताळा
मी जन्मांध आहे, कोडिंगवर पोट आहे. काय म्हणायचं ते म्हणा, पण अॅपमधल्या बटणांना लेबल लावा. माझा दिवस 'बटण, बटण, बटण' ऐकण्यात जातो. एनव्हीडीएचा विषय निघालाच आहे तर पायथन लिहिणाऱ्यांसाठी: सेटिंगमधे इंडेंटेशन (ओळ किती आत सरकलीय ते) टोनवर ठेवा, ओळ जितकी आत तितका सूर वर चढतो, चुकलेली ओळ बेसूर लागते.

कोड_नको_रे
हे भारी आहे. वेगळा धागा काढा ना यावर.

शंकासुर
अहो माझं राहू द्या की आधी! नवीन कोड चढतच नाही. अट उलटी करायची राहिली होती, आता आयडीईच्या (कोड लिहून चढवायच्या सॉफ्टवेअरच्या) खिडकीतच एंटर पडतायत आणि माझा कोड खाली खाली चाललाय.

सोल्डरवाला
सांगितलं होतं. रिसेटची पिन ग्राउंडला पटकन दोनदा टेकवा, बूटलोडर (नवीन कोड आत घेणारा बोर्डातला प्रोग्राम) साधारण ८ सेकंद जागा राहतो, तेवढ्यात अपलोड झालं पाहिजे. आधी कंपाइल करून तयार ठेवा.

शंकासुर
चौथ्या खेपेला चढला. आत्ताच बसवलं त्याला. एक दाब, एक पान. सशापाशी थांबून पाच मिनिटं नुसता बघत होता, मग मूठ. पण आता त्याला मागचं पान बघायचंय, भुवयांनी खुणावतोय. काय करू?

अर्धवट_इंजिनियर
सोप्पं. दोन सेकंद दाबून धरला की मागे.

सोल्डरवाला
अहो त्याला हात लवकर सोडताच येत नाही, धागा वाचता का तुम्ही?

ओटी_मावशी
दुसरा स्विच लागेल. शंकासुर, डोकं कुठल्या बाजूला सहज वळतं त्याचं?

शंकासुर
डावीकडे. थांबा, बघून सांगतो.